दोरी, साप आणि साने गुरुजी

अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापसाच्या या गावात वेदान्ताचे अभ्यासक राहू लागले. अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की साप नाहीसा होतो. मग डोळ्यांना दिसणारे हे सारे जगही तसा भासच काय? जे शब्दांच्या पलीकडे आहे, ते शब्दांनी कसे सांगायचे? सूफींमध्येही वहदतुल वुजूद, म्हणजे अस्तित्व एकच, या विचारावर शतकानुशतके असाच खल झाला आहे.

कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने (जन्म २४ डिसेंबर १८९९) या मंदिरात शिकायला आले आणि तत्त्वज्ञानात एम. ए. झाले. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. साप खोटा असेल, घाबरलेल्या माणसाला सुटलेला घाम मात्र खरा असतो. दिवसभर रोजा धरलेल्याला भूक हा भास आहे असे सांगून पाहावे! १९२४ साली साने त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुतले, खोल्या झाडल्या. गुरुजी हे नाव त्यांना इथेच मिळाले.

१९३० साली सत्याग्रहात तुरुंग घडला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे कैदी सोबत होते. माणूस शेजारी बसलेला, पण त्याची भाषा कळत नाही, म्हणून त्याचे अर्धे जगही आपल्याला दिसत नाही. गुरुजींनी तिथे तमिळ कुरल मराठीत आणले. आंतरभारतीची त्यांची कल्पना पुढची, पण तिचे मूळ इथे सापडते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसून गुरुजी भराभर उतरवून घेत. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला कोरडा पडतो. या वह्यांत मात्र बोलणाऱ्याचा सूर टिकला. गीता प्रवचने हे पुस्तक त्यांतूनच झाले.

पुढे गुरुजींनी इस्लामी संस्कृती लिहिली. अरबस्तानातले वाळवंट आणि पैगंबरांचे पोरके बालपण त्यांनी श्यामच्या आईइतक्याच साध्या मराठीत मांडले. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आज प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाते.