हाफकिन आणि कार्बोलिकची बाटली

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही त्याच आजाराने गाठले. त्या काळी जंतुनाशक म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिड, म्हणजेच आजचे फिनॉल, सर्रास वापरले जाई. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्याला याच रसायनाने वेगळे वळण दिले.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मोजक्या मदतनिसांसह त्यांनी प्लेगच्या लशीचे काम सुरू केले. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे, तापवून मारायचे आणि लस दूषित होऊ नये म्हणून तीत अर्धा टक्का कार्बोलिक घालायचे, अशी पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःलाच टोचून घेतली.

पुढे मागणी वाढल्यावर कार्बोलिक वगळून उष्णतेवर भर दिला गेला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. इतर बाटल्यांतून लस घेतलेले मात्र सुखरूप होते. बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हेही पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

अर्धा टक्का फिनॉल लस राखते. तीव्र फिनॉल मात्र त्वचा जाळते. ते त्वचा बधिर करत असल्याने सुरुवातीला वेदना जाणवत नाहीत, त्वचा पांढरी पडते आणि विष रक्तात भिनून हृदय, मेंदू व मूत्रपिंडांवर परिणाम करते. म्हणून प्रयोगशाळेत योग्य हातमोजे, चष्मा आणि धूर खेचणारी कपाट-व्यवस्था हवीच. पिपेट तोंडाने ओढू नये. अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे लगेच काढून भरपूर वाहत्या पाण्याने सतत धुवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.