त्यागराज : बहात्तर मेळांच्या वृक्षाला पालवी देणारे वाग्गेयकार

तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या तिरुवैयारु येथे दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती सादर करतात. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार संत त्यागराज यांची ही पुण्यतिथी होय. ६ जानेवारी १८४७ रोजी तिरुवैयारु येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यागराजांचा जन्म १७६७ मध्ये तिरुवारूर येथे एका तेलुगूभाषक कुटुंबात झाला. बालपणीच ते तिरुवैयारुला आले. त्या काळी तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते. शोंठी वेंकटरमणय्या या दरबारी गायकाकडे त्यांनी संगीताचे अध्ययन केले. मात्र सरफोजी राजे दुसरे यांचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारले व भिक्षावृत्तीने निर्वाह केला, असे परंपरा सांगते. या निर्णयामुळे वडील बंधूंचा रोष त्यांना पत्करावा लागला, असेही सांगितले जाते.

त्यांच्या कार्याचे मोल मेळपद्धतीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. सतराव्या शतकात, तंजावरच्या नायक राजवटीत, वेंकटमखी यांनी ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ या ग्रंथात गणिताच्या आधारे ७२ मेळ मांडले. ही मांडणी वृक्षाच्या आकृतीने दाखवता येते. मुळाशी षड्ज व पंचम हे अचल स्वर. त्यातून शुद्ध मध्यम व तीव्र मध्यम अशा दोन शाखा निघतात. प्रत्येक शाखेला ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्यांच्या सहा उपशाखा आणि प्रत्येक उपशाखेला धैवत-निषादांच्या सहा जोड्यांच्या सहा डहाळ्या. दोन गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे ७२. संगणकाच्या आज्ञावलीतील कंसात कंस असलेली पदावलीही अशाच वृक्षाकृतीने उलगडतात. सर्वांत बाहेरची क्रिया मुळाशी आणि आतले कंस फांद्यांवर असतात.

पुढील काळात रूढ झालेली मेळांची नावे हाही एक संकेतच आहे. ‘खरहरप्रिया’ या नावातील ख आणि र या पहिल्या दोन अक्षरांचे मूल्य कटपयादि पद्धतीनुसार प्रत्येकी दोन. म्हणून मेळाचा क्रमांक २२. हा अंक ३६ च्या आत असल्याने मध्यम शुद्ध. सहा-सहाच्या गटांत मोजल्यास चौथी उपशाखा व तिची चौथी डहाळी येते. तेथे मिळणारे स्वर हिंदुस्थानी संगीतातील काफी थाटाचे आहेत.

वेंकटमखींच्या काळी यांपैकी केवळ १९ मेळ प्रचारात होते. उर्वरित फांद्या गणिताने सिद्ध झाल्या होत्या, परंतु गायनात उतरल्या नव्हत्या. त्यांना पालवी फुटली ती प्रामुख्याने पुढील वाग्गेयकारांमुळे, आणि त्यांत त्यागराजांचा वाटा फार मोठा आहे. खरहरप्रियेला त्यांच्या कृतींनी प्रतिष्ठा मिळवून दिली. मेळांपासून उपजलेले काही जन्य राग तर त्यांच्या एखाद्या कृतीमुळेच आज ज्ञात आहेत.

महाराष्ट्राशीही या वृक्षाचे नाते आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेतील मेळपद्धतीचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानी रागांच्या वर्गीकरणासाठी दहा थाट निश्चित केले.

त्यागराजांच्या सुमारे ७०० कृती आज उपलब्ध आहेत. वालाजापेट, उमयाळपुरम व तिल्लैस्थानम येथील शिष्यपरंपरांनी त्या कंठस्थ केल्या व लिहून ठेवल्या. या शिष्यांनी ही दक्षता घेतली नसती, तर वृक्षाची आकृती ग्रंथात राहिली असती, पण तिच्या अनेक फांद्या निष्पर्णच राहिल्या असत्या.