डांबरातून रंग निघतात हे शिकवणाऱ्या प्रोफेसरनेच राणीच्या पुतळ्याचं डांबर उतरवलं होतं

लिपस्टिकचा बॉक्स उलटा करून बघा. बारीक अक्षरांत 'सीआय १५८५०' असा काहीतरी आकडा दिसेल. हा एका कृत्रिम लाल रंगाचा नंबर. आज असे रंग पेट्रोलियमपासून बनतात, पण या घराण्याचं मूळ आहे दगडी कोळशाच्या डांबरात. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा पोरगा क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तिथून सुरुवात झाली.

भारतात हे रसायनशास्त्र रंगाऱ्यांपर्यंत नेलं ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी.

जन्म १८६३ चा, सुरतचा. घराणं सुतारांचं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि बडोद्याला रसायनशास्त्राचे प्रोफेसर झाले. तेव्हा आलसारखे झाडपाल्याचे रंग मागे पडत होते. जर्मन रंगांचे डबे बाजारात आले, पण ते वापरायचे कसे हे रंगाऱ्यांना कोण सांगणार? १८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने कलाभवन उभं राहिलं. तिथे गज्जरांनी रंगकाम शिकवायला घेतलं, तेही गुजरातीतून. आपले दादासाहेब फाळकेसुद्धा याच कलाभवनात शिकले.

१८९६ ला गज्जर मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. डांबर दगडात मुरलेलं. भल्याभल्यांनी हात टेकले, तेव्हा काम गज्जरांकडे आलं आणि त्यांनी पुतळा पांढरा करून दाखवला. ज्या कृत्याचा अनेकांना मनातून आनंद झाला होता, ते पुसून टाकल्यामुळे त्यांचं नाव गाजलं, हे जरा विचित्रच.

पुढे त्यांनी मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली, काळवंडलेले मोती उजळवण्याची पद्धत शोधली. १९०७ साली त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत अलेम्बिक कंपनी सुरू झाली.

रंग मात्र जर्मनीचेच राहिले. १९१४ ला महायुद्ध पेटलं, जर्मन माल थांबला, भाव कडाडले. वापरायला शिकलेले लोक होते, बनवणारा मोठा कारखाना नव्हता.

हळकुंड, लिंबाचा रस आणि टाकणखारातून होणाऱ्या कुंकवाच्या जागीही पुढे कृत्रिम रंग आले.

गज्जर १९२० साली गेले. वलसाडजवळच्या 'अतुल' या रंगांच्या कंपनीची स्थापना झाली ती थेट १९४७ मध्ये.