मक्याच्या पोह्यांचा जनक : विल कीथ केलॉग

दुधांत भिजवून खावयाचे मक्याचे पोहे १९९४ सालीं हिंदुस्थानांत आले व पनवेलजवळ तळोजें येथें त्यांचा कारखानाही निघाला. खोक्यावरील तांबडी सही कोणाची, हें पाहण्याची तसदी मात्र आम्हीं कधीं घेतली नव्हती.

ती विल कीथ केलॉग याची. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत बॅटल क्रीक गांवीं ता. ७ एप्रिल १८६० रोजीं त्याचा जन्म झाला. बाप केरसुण्या करून विकी. मुलाची दृष्टि अधू असल्यामुळें त्यास फळ्यावरील अक्षर दिसत नसे, आणि गुरुजींनीं त्यास मंद ठरविलें! लौकरच शाळा सुटली व केरसुण्या विकणें नशिबीं आलें.

थोरले बंधु डॉक्टर जॉन हार्वे हे गांवच्या प्रसिद्ध आरोग्यधामाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालीं विलनें सुमारें २५ वर्षें हिशेबापासून हमालीपर्यंत सर्व कांहीं केलें. डॉक्टर सायकलीवरून मजकूर सांगत आणि हा वही घेऊन बाजूनें धांवत असे, असें सांगतात.

१८९४ सालीं उकडलेल्या गव्हाचा गोळा विसरून शिळा झाला. काटकसरी बंधूंनीं तो टाकला नाहीं, रुळांतून काढला. ओल सर्वत्र सारखी मुरल्यामुळें अखंड पापडीऐवजीं दाण्यादाण्याचा निराळा पापुद्रा निघाला. भाजतांच कुरकुरीत झाला. पुढें तीच कृति मक्यास लागू पडली. पेटंट मात्र डॉक्टरांच्या एकट्याच्या नांवें झालें. इकडे आरोग्यधामांत राहून गेलेल्या पोस्ट नामक रोग्यानें त्याच गांवीं कारखाना काढून अमाप पैसा मिळविला!

अखेर १९०६ सालीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, विलनें स्वतंत्र कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षीं कारखाना जळाला. त्यानें नवा उभारला. 'केलॉग' या नांवावरून भावाभावांत खटले चालले, ते १९२० सालीं विल जिंकेपर्यंत. बोलणें जवळजवळ बंद झालें.

१९३० च्या मंदींत त्यानें आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजीं सहा तासांच्या चार केल्या, म्हणजे अधिक घरांत चूल पेटावी. त्याच वर्षीं मुलांच्या कल्याणाकरितां निधि स्थापून त्यास पुढें साडेसहा कोटींहून अधिक डॉलर दिले. आमच्या मतें पोह्यांपेक्षां हें कार्य मोठें.

डॉक्टर १९४३ सालीं वारले. मरणापूर्वीं त्यांनीं धाकट्या भावाची क्षमा मागणारें लांबलचक पत्र लिहिलें होतें. तें मालकांस कमीपणा आणणारें वाटून चिटणिसानें टपालांत टाकलेंच नाहीं. विलच्या हातीं तें आलें, तेव्हां भाऊ नव्हता आणि काचबिंदूनें स्वतःची दृष्टिही गेली होती. ता. ६ ऑक्टोबर १९५१ रोजीं बॅटल क्रीक येथेंच, ९१ व्या वर्षीं, तो वारला.