विश्वोत्पत्तीचा शोधक : जॉर्ज गॅमो

सूर्य, तारे आणि ताऱ्यांमधील वायूंचे मेघ यांची घडण तपासली, तर त्यांत वजनाने सुमारे तीन भाग हायड्रोजन व एक भाग हेलियम आढळतो. लोखंड, सोने यांसारखी जड मूलद्रव्ये अत्यल्प असतात. असे का असावे, या प्रश्नाचा ध्यास जॉर्ज गॅमो या शास्त्रज्ञाने घेतला.

गॅमोचा जन्म ४ मार्च १९०४ रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा नगरात झाला. त्याचे वडील शाळेत रशियन भाषा शिकवीत असत. लेनिनग्राडला शिकलेल्या या तरुणाने १९२८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अणुकेंद्रातून आल्फा कण कसा बाहेर पडतो, याचा उलगडा केला. परंतु सोव्हिएत राजवटीत विचारांवरील बंधने वाढू लागली. १९३२ साली पत्नीसह लहानशा होडीतून तुर्कस्तान गाठण्याचा त्याचा प्रयत्न वादळामुळे फसला. पुढील वर्षी ब्रुसेल्स येथील परिषदेस गेल्यावर तो मायदेशी परतला नाही. १९३४ साली तो अमेरिकेत प्राध्यापक झाला.

१९४८ साली गॅमो व त्याचा शिष्य राल्फ अल्फर यांनी आपला सिद्धांत मांडला. आरंभी विश्व अतिशय दाट व तप्त होते. ते प्रसरण पावून निवत असता, पहिल्या काही मिनिटांतच प्रोटॉन व न्यूट्रॉन एकमेकांस जुळून सर्व मूलद्रव्ये निर्माण झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेलियमच्या विपुलतेचे कारण यातून मिळाले. परंतु पाच किंवा आठ कणांचे स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही. शिडीच्या या दोन पायऱ्याच नसल्याने जड मूलद्रव्यांपर्यंत पोहोचता येईना.

हे कोडे गॅमोच्या मताचा कट्टर विरोधक फ्रेड हॉइल याने १९५७ साली सहकाऱ्यांसह सोडविले. जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटी घडतात, असे त्यांनी दाखविले. कोल्हापुरास जन्मलेले जयंत नारळीकर हे याच हॉइलचे शिष्य होत. पुढे १९६५ साली विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचे अवशिष्ट प्रारण सापडले आणि गॅमोच्या मताला बळ आले. अशा रीतीने एकाचे अपुरे उत्तर दुसऱ्याने पूर्ण केले.

शास्त्र सामान्यांस कळावे म्हणून गॅमोने सुबोध ग्रंथ लिहिले. त्यासाठी १९५६ साली त्यास युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. १९ ऑगस्ट १९६८ रोजी त्याचे निधन झाले.

त्याचा प्रश्न मात्र पुढे चालत राहिला. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतही सोन्यासारखी मूलद्रव्ये घडतात, हे २०१७ साली गुरुत्वीय लहरींनी उघड केलेल्या एका टकरीवरून दिसले. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास २०२३ साली केंद्र शासनाची मंजुरी मिळाली.