विद्यार्थीदशेतच संतपदाला पोहोचलेले पिएर जॉर्जियो फ्रासाती

ठाणे-वाशी रेल्वेमार्गावरील तुर्भे स्थानकात सकाळच्या वेळी महाविद्यालयात निघालेल्या मुलामुलींची मोठी गर्दी असते. एका बाजूला कृषी उत्पन्न बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीतील पाळीवर जाणारे कामगार, आणि या सर्वांच्या मधून परीक्षेची चिंता घेऊन धावणारे आपले विद्यार्थी. या धावपळीत प्रार्थनेला वेळ कुठून काढायचा, असा प्रश्न अनेक कॅथलिक कुटुंबांत विचारला जातो. अभ्यास संपू दे, नोकरी लागू दे, मग देवाधर्माचे पाहू, असे उत्तरही पुष्कळदा दिले जाते. ज्यांचा अभ्यास अखेरपर्यंत संपलाच नाही आणि ज्यांना नोकरी करण्याइतके आयुष्यही लाभले नाही, अशा एका विद्यार्थ्याला ख्रिस्तसभेने संत म्हणून गौरविले आहे. संत पिएर जॉर्जियो फ्रासाती हे त्यांचे नाव. त्यांचा सण ४ जुलै रोजी साजरा केला जातो.

पिएर जॉर्जियो यांचा जन्म इटलीतील तुरीन शहरात ६ एप्रिल १९०१ रोजी, पवित्र शनिवारी झाला. वडील आल्फ्रेदो फ्रासाती हे ‘ला स्ताम्पा’ या प्रसिद्ध दैनिकाचे संपादक व मालक होते. पुढे ते इटलीच्या संसदेत सिनेटर झाले आणि जर्मनीतील राजदूतही झाले. देवाच्या अस्तित्वाविषयी ते उदासीन होते. आई आदेलाइद या चित्रकार होत्या. त्या धर्माचे बाह्य नियम पाळीत, परंतु मुलाची उत्कट भक्ती त्यांना समजत नसे. आईवडिलांमध्ये सुसंवाद नव्हता आणि त्या मतभेदांची सावली घरावर सतत असे. पाठची बहीण लुचियाना ही त्यांची बालपणापासूनची सोबतीण होती. घरात श्रीमंती होती, पण मुलांच्या हाती पैसा मोजूनमापूनच दिला जाई आणि जेवणाची वेळ चुकलेली खपवून घेतली जात नसे.

अभ्यासात पिएर जॉर्जियो हुशार म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत. शालेय वयात ते लॅटिन विषयात नापास झाले, तेव्हा त्यांना येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत घालण्यात आले. घराला लागलेला हा कमीपणा त्यांच्या श्रद्धाजीवनाला मात्र फलदायी ठरला. त्या शाळेत त्यांना दररोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची गोडी लागली. त्या काळी सामान्य भाविकांमध्ये रोजचे कम्युनियन फारसे रूढ नव्हते, आणि आईलाही ते अतिरेकाचे वाटले. तरीही त्यांनी परवानगी मिळवली आणि तो नेम आयुष्यभर जपला.

पहिले महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, त्यांनी तुरीनच्या तंत्रविद्यापीठात प्रवेश घेतला. खाण अभियंता व्हायचे असे त्यांनी ठरविले होते. त्या काळी खाणकामगारांचे जीवन अत्यंत कष्टाचे व धोक्याचे होते आणि त्यांच्यामध्ये राहून प्रभू येशूची साक्ष द्यावी, ही त्यांची इच्छा होती. आपण धर्मगुरू व्हावे का, याचाही त्यांनी विचार केला होता. परंतु प्रापंचिक म्हणून राहूनच कामगारांच्या अधिक जवळ जाता येईल, असा निर्णय त्यांनी प्रार्थनापूर्वक घेतला. पारसिक डोंगराच्या कुशीतील दगडखाणींत घाम गाळणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्या आपल्या तुर्भे परिसरातील वाचकांना या निर्णयाचे मोल सहज उमगेल.

त्यांचा विद्यार्थीदशेतील दिनक्रम साधा होता. भल्या पहाटे उठून ते मिस्साला जात. त्यानंतर वर्ग, अभ्यास आणि मित्रमंडळी. रात्री पवित्र साक्रामेंतासमोर आराधना असली की अनेक तास ते गुडघे टेकून राहत. जपमाळ कायम खिशात असे आणि रस्त्याने चालतानाही तिचे मणी सरकत असत. संत पौलाची पत्रे व सिएनाची संत कॅथरिन यांचे लेखन ते आवडीने वाचत. कॅथलिक विद्यार्थ्यांच्या संघाचे ते सभासद झाले. १९२२ साली त्यांनी संत दोमिनिकच्या तृतीय संघातही प्रवेश केला. हे सर्व करताना अभ्यास मागे पडे, परीक्षा लांबत. अभ्यास ही देवाने दिलेली जबाबदारी आहे असे मानून ते मन मारून पुन्हा पुस्तकांकडे वळत. कठीण विषयाला बसणे हाही त्यांच्या तपश्चर्येचाच भाग होता.

मात्र ते उदासवाणे भक्त नव्हते. खळखळून हसणारा, मित्रांच्या खोड्या काढणारा, पाइप ओढणारा आणि सुटी मिळताच आल्प्स पर्वतावर चढाईला निघणारा हा तरुण होता. मित्रमैत्रिणींचा एक गट त्यांनी १९२४ मध्ये स्थापन केला व त्याला थट्टेने संशयास्पद माणसांची मंडळी असे नाव दिले. या मंडळीला एकत्र बांधणारे सूत्र मात्र परस्परांसाठी केलेली प्रार्थना हे होते. बिलियर्ड खेळताना ते अट घालीत. मित्र जिंकला तर त्याला पैसे द्यायचे आणि स्वतः जिंकले तर मित्राने आपल्याबरोबर आराधनेला यायचे. अशा रीतीने अनेक मित्र हसतखेळत देवमंदिराची पायरी चढले.

विद्यापीठात प्रवेश घेतला त्याच वर्षी ते संत विन्सेंट दी पॉल संघटनेत दाखल झाले. ही संघटना आपल्याही अनेक धर्मग्रामांत कार्य करते. तिचा आरंभ १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती या विद्यापीठातील तरुणांनीच केला होता, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. पिएर जॉर्जियो तुरीनच्या गरीब वस्त्यांतील अंधारे जिने चढून आजारी व निराधार कुटुंबांना भेटत, त्यांची औषधे आणत, मुलांना बूट मिळवून देत, बेकारांसाठी काम शोधत. खिशातील ट्रामच्या भाड्याचे पैसे गरिबाच्या हातावर ठेवून जेवणाची वेळ गाठण्यासाठी ते घरापर्यंत धावत जात. श्रीमंत घरचा मुलगा असूनही ते रेल्वेने तिसऱ्या वर्गाने प्रवास करीत, म्हणजे उरलेला पैसा गरजूंना देता येई. वडील बर्लिनला राजदूत असताना कडाक्याच्या थंडीत त्यांनी आपला ओव्हरकोट एका वृद्धाला दिला आणि घरी येऊन बोलणी खाल्ली.

ही सेवा त्यांनी कुणाला दिसू दिली नाही. मुलगा जेवायला उशिरा का येतो, त्याचे पैसे कुठे जातात, परीक्षा का रखडतात, हे कोडे आईवडिलांना उलगडत नसे. तो काहीसा मंद व बेफिकीर आहे, असाच त्यांचा समज होता.

दानधर्माने भागत नाही, समाजाची घडीही न्यायाची हवी, हे त्यांना उमगले होते. म्हणून १९२० साली ते डॉन लुइजी स्तुर्झो या धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या लोकपक्षाचे सभासद झाले. १९२१ मध्ये रोममधील कॅथलिक तरुणांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी हल्ला केला, तेव्हा आपल्या संघाचा ध्वज त्यांनी हातातून सुटू दिला नाही व अटक पत्करली. फॅसिस्ट राजवटीला त्यांचा उघड विरोध होता. १९२४ मध्ये फॅसिस्ट गुंड त्यांच्या घरात घुसले असता त्यांनी एकट्याने त्यांना पिटाळून लावले.

अखेरच्या वर्षात त्यांना दोन मोठे त्याग करावे लागले. मैत्रिणींपैकी एका तरुणीवर त्यांचे प्रेम जडले होते. परंतु आपले कुटुंब हे नाते मान्य करणार नाही आणि आधीच दुरावलेल्या आईवडिलांच्या संसारात नवा कलह माजेल, हे ओळखून त्यांनी ते प्रेम मनातच ठेवले. दुसरा त्याग खाण अभियंता होण्याच्या स्वप्नाचा. मुलाने आपल्या वर्तमानपत्राच्या कामात यावे अशी वडिलांची इच्छा होती, आणि वडिलांच्या समाधानासाठी पिएर जॉर्जियो यांनी जड अंतःकरणाने होकार दिला.

जून १९२५ च्या अखेरीस त्यांना ताप आला व अंग दुखू लागले. त्या दिवसांत घरात आजी मृत्युशय्येवर होती आणि १ जुलै रोजी तिचे निधन झाले. त्या गडबडीत या धडधाकट तरुणाच्या दुखण्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यांनीही तक्रार केली नाही. तो पोलिओ होता हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. गरीब वस्तीतील रुग्णांच्या भेटींमधूनच त्यांना हा संसर्ग झाला असावा, असा डॉक्टरांचा कयास होता. ३ जुलै हा शुक्रवार, म्हणजे त्यांचा गरिबांना भेटण्याचा दिवस. अर्धांगाने लुळ्या झालेल्या हाताने त्यांनी मित्रासाठी एक चिठ्ठी खरडली. एका गरीब रुग्णाची इंजेक्शने पोहोचवावीत व एकाची गहाणवटीची पावती आपल्या खर्चाने नूतन करून घ्यावी, एवढाच तिचा मजकूर होता. दुसऱ्या दिवशी, ४ जुलै १९२५ रोजी संध्याकाळी, वयाच्या २४ व्या वर्षी ते प्रभूच्या घरी गेले. पदवीसाठी अवघ्या दोन परीक्षा राहिल्या होत्या.

अंत्ययात्रेच्या दिवशी शहरातील प्रतिष्ठितांची गर्दी अपेक्षित होती. प्रत्यक्षात तुरीनचे रस्ते गोरगरिबांनी भरून गेले. आपला मुलगा कोण होता हे आईवडिलांना त्या दिवशी कळले. आणि आपल्या खोलीचे जिने चढून येणारा तो तरुण फ्रासाती घराण्यातील होता, हे त्या गरिबांनाही त्याच दिवशी कळले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मे १९९० रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले व त्यांचे जीवन गिरिप्रवचनातील आठ धन्यवचनांचे मूर्तिमंत रूप असल्याचा गौरव केला. २००१ साली तुरीनच्या तंत्रविद्यापीठाने त्यांची राहिलेली पदवी त्यांना मरणोत्तर बहाल केली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या चौकात पोप लिओ चौदावे यांनी त्यांना व किशोरवयीन कार्लो अक्युटिस यांना एकाच समारंभात संतपद बहाल केले.

त्यांच्या जीवनाकडे पाहताना पालक म्हणून आपण थोडे थांबावे. मुलांची गुणपत्रिका आपण वाचतो, त्यांचे मन वाचतो का? उशिरा घरी येणारा मुलगा कुणाच्या दारी जाऊन आला, हे त्याला प्रेमाने विचारतो का? विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, की ज्या लोकलने आपण प्रवास करतो, ज्या वर्गात बसतो व ज्या रस्त्यावरच्या माणसाशेजारून जातो, तेथेच आपले पावित्र्य घडत असते. पदवी हाती येईपर्यंत श्रद्धा लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

तुर्भे परिसरातील आणि आपल्या सर्व धर्मग्रामांतील विद्यार्थ्यांना या संताच्या मध्यस्थीने अभ्यासात चिकाटी, मैत्रीत निर्मळता आणि गरिबांविषयी कळवळा लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.