विश्लेषण : सर्पगंधेचे मूळ रक्तदाबाच्या उपचारात कसे आले? काय होते डॉ. रुस्तम वकील यांचे योगदान?

निरगुडसरसारख्या गावातही आज रक्तदाबाची गोळी रोज घेणारे घरोघरी आहेत. १९४० च्या दशकात मात्र तीव्र रक्तदाबावर मीठ तोडणे, गुंगीची औषधे किंवा मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग होते. हे चित्र बदलण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे.

कोण होते डॉ. वकील?

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले.

त्यांनी नेमके काय केले?

सर्पगंधा आयुर्वेदाला जुनीच. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावरील गुण नोंदवला होता. वकील यांनी ५० रुग्णांना मुळाच्या गोळ्या दिल्या, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचा दाब उतरला होता. त्यानंतर बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून ‘रेसरपिन’ वेगळे काढले.

दाब उतरतो कसा?

मेंदूचा आदेश मज्जातंतूंमार्फत रक्तवाहिन्यांपर्यंत जातो. तंतूच्या टोकातून नॉरअॅड्रेनॅलिन सुटते, वाहिनी आकसते आणि दाब चढतो. रेसरपिनमुळे या रसायनाचा साठाच रिता होतो. याच टोकांतून ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ हा प्रथिनाचा छोटा तुकडाही सुटतो, हे पुढे कळले. तो वाहिनी आकसायला मदत करतो आणि नॉरअॅड्रेनॅलिन किती सुटावे यावर लगामही ठेवतो.

मग हे औषध मागे का पडले?

रेसरपिन मेंदूतील रसायनांचा साठाही रिकामा करते. काही रुग्णांमध्ये नैराश्य दिसू लागले आणि अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर त्याचा वापर घटला. म्हणूनच सर्पगंधेचे मूळ स्वतःच्या मनाने घेणे आजही धोक्याचे आहे. मात्र याच परिणामाचा आधार घेत स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी मेंदूतील डोपामिनचे काम उलगडले. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

सन्मान कोणते मिळाले?

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत रक्तदाब हा गोळीने आटोक्यात राहणारा आजार झाला होता.